चार बोटं

ठरावात होतं:
भरलेल्या पाण्यापासून शंभर मीटर
पक्कं बांधकाम नाही, शोषखड्डा नाही, गुरं धुणं नाही.
शेवटचं कलम मीच खोडलं.
म्हशी काय आज येतायत पाण्यावर.

कारवीमुऱ्यात मोजणीला गेलो तेव्हा मे अर्धा सरलेला.
शिवसागर पार तळाशी,
काठाला लाल चिखलाच्या पायऱ्या,
एक पायरी म्हणजे एक आठवडा.
मोजणीचा पोरगा यंत्र मांडून विचारतो,
मॅडम, भरलेलं पाणी कुठनं धरायचं?
आकडा कागदावर होता.
जमिनीवर फक्त खेकड्यांची बिळं.

कोंडिबा संकपाळ लाँच बांधून वर आले,
जांभळीच्या बुंध्याला, गुडघ्याएवढ्या उंचीवर,
हात लावला. हितं.
साल तिथं रंग बदलत होती,
खाली राखाडी, वर तपकिरी.
पोरग्यानं ताडून पाहिलं. चार बोटांचा फरक.
"ऱ्हाऊ दे, चार बोटं यंत्राला सोडा.
त्यालाबी पोट हाय."

मग टेप सुटली.
रिसॉर्टच्या तंबूंमधून, निळ्या हौदाच्या काठावरून,
स्वयंपाकघरामागच्या नळीला ओलांडून,
जिच्या खालचं गवत सगळ्या मेमध्ये हिरवंगार.
मॅनेजर हसून म्हणाला, सरबत घ्या.
सरबत घेतलं. खुंटी ठोकली.

दुसऱ्या बाजूला टेपचं टोक कोंडिबांच्याच हातात.
सत्तर, ऐंशी.
ब्याऐंशीवर त्यांची पर्यटकांसाठीची खोली,
गुलाबी रंग, सुनेनं काढलेला मोर,
मागं सिमेंटची टाकी, दीड वर्षाची.
ते थांबले नाहीत.
खोलीला वळसा घालून शंभरावर गेले,
दगड उचलला, खुंटीवर तीन घाव.

"पयलं घर तर सगळंच्या सगळं हद्दीत हाय," म्हणाले,
हात पाण्याकडे. "साठ हात खाली.
आईच्या काखंत हुतो म्या."
आणि मग, टेप गुंडाळता गुंडाळता:
"आमचा खड्डा बुजवतो.
त्यांचा कोण बुजवणार, त्येवढं लिवा."

लिहिलं. तीनदा लिहिलं.
विहिरीच्या पाण्याची बाटली भरून ठेवली होती ऑफिसात,
दुसऱ्या दिवशी काळी पडली,
तिचाही उल्लेख केला.
जूनमध्ये सात नंबरची खुंटी
रात्रीतून बारा पावलं पाण्याकडे सरकली.
पंचनाम्यात साक्षीदार म्हणून कुत्रंसुद्धा मिळेना.

कोंडिबांनी खड्डा बुजवला, वर अळू लावलं.
खोलीला कुलूप. सून माझ्याशी बोलत नाही,
पाणी विचारते, तेवढंच.

ऑगस्ट संपता संपता धरण भरलं.
मी जांभळीपाशी गेले, छत्री मिटून खाली बसले.
पाणी बरोबर तिथं,
जिथं त्यांनी हात लावला होता.
वर साबणाचा फेस, बुंध्याला बिलगलेला.

अहवालात अजून यंत्राचाच आकडा आहे.