अडीच

वडनेर फाट्याच्या अलीकडे, पंक्चरवाल्याच्या मागं,
मोबीन मिस्त्रीनं जमिनीत ड्रम पुरलाय.
बंद पडलेल्या जिनिंगमधून भंगाराच्या भावात आणलेला,
साडेचारशे किलोचा.
वर नुसती पाठ दिसते,
नदीत म्हैस बसल्यासारखी.

गाडीची पुढची चाकं त्यावर चढवायची,
मागून पट्ट्यांनी बांधायची, समोर पंखा लावायचा.
थर्ड गिअर. पूर्ण पाय.
ड्रम किती सेकंदात वेग घेतो, त्यावरून
आत किती घोडे आहेत ते निघतं.
गाडी असते तिथंच असते.
आई एकदा बघायला आली, पदर नाकाला लावून उभी राहिली,
म्हणाली, "येवढ्या पेट्रोलमदी नागपूरले जाऊन आली असती."

मी आकडे लिहिते.
तारीख, टायरमधली हवा, शेडमधलं तापमान, तीन ओढी.
तिनातली मोठी नाही, तिन्हींची सरासरी.
मिस्त्रीनं पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं
आणि स्पॅनर शोधायला गेला.

निकेश भोंगाडे जानेवारीत आला होता,
अठ्ठ्याण्णवची झेन, मामाकडून घेतलेली.
सदतीस पॉइंट आठ.
मग चार महिने पुण्याहून खोकी येत राहिली:
फिल्टर, कार्बोरेटरचे जेट, मनगट जाईल एवढा सायलेन्सर.
बत्तीस हजार. त्यातले नऊ बहिणीचे.

मे महिन्यात, दुपारी तीनला, पुन्हा.
चार दोस्त, एकाच्या हातात मोबाईल वर धरलेला.
शेडमध्ये पंचेचाळीस.
गाडी अशी ओरडली की पंक्चरवाला ट्यूब टाकून धावत आला.
सदतीस पॉइंट एक.

मोबाईल हळूच खाली आला.
पंखाच तेवढा बोलत होता.
"मशीन बिघडली तुमची," निकेश म्हणाला.
"मशीन नाई बिघडली. हवा पातळ हाय," मिस्त्री म्हणाला.
"तू जेवला काय आज? नाई ना?
ह्या उन्हात कोण जेवते. इंजिनचंबी तसंच.
उद्या पहाटे पाचले ये.
अन् दोस्तायले आणू नको."

आला. एकटा, अंघोळ करून.
तीस डिग्री. टायरमध्ये तेवढीच हवा, तोच गिअर,
तोच पंखा, तेवढ्याच अंतरावर.
तीन ओढी.
एकोणचाळीस पॉइंट सहा.
जानेवारीच्या हवेशी जुळवून चाळीस पॉइंट तीन.
वजाबाकी मी दोनदा केली.
अडीच.

त्याचा आजा शंकरपटात जोडी हाकायचा.
पाव सेकंदासाठी अख्ख्या गावाशी बोलणं सोडलेला माणूस.
निकेश बराच वेळ ड्रमकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
"ताई, पाच लिवा ना.
अडीच कोणाले सांगू मी?"
मी पेनाला टोपण लावलं.
मिस्त्री बोनेट पुसत होता,
जिथं मुळीच धूळ नव्हती तिथं.

गेला तो. आवाज फाट्यापर्यंत ऐकू आला,
वळणावर अजून मोठा झाला,
शेतात कुठंतरी टिटव्या उठल्या.
आवाजाचा रकाना आमच्या वहीत नाही.
असता तर मी हात सैल सोडला असता.

दर महिन्याच्या एक तारखेला, गिऱ्हाईक यायच्या आधी,
मिस्त्री स्वतःची व्हॅन ड्रमवर चढवतो.
तिच्यात त्यानं कधी काही बदललं नाही, म्हणून तीच.
मशीन खरं बोलते का, तिला विचारायचं.
पहिल्या वर्षी एकतीस पॉइंट दोन.
मग तीस पॉइंट नऊ.
ह्या जूनला तीस पॉइंट चार.
घटलं कोण, व्हॅन की ड्रम,
की क्लचवर ठेवलेला त्याचा पाय,
हे सांगायला तिसरं काहीतरी लागतं,
ते आमच्याकडे नाही.

"लिव," तो म्हणतो, खिडकीतून मान बाहेर काढून.
मी लिहिते.