चार्ज देताना

हे नीट उलगड, नवरीत. कापड आहे, कागद नाही.
घड्यांवर विरलंय, आणि जिथे विरलंय
तिथे नेमकी नदी.
योगायोग म्हण हवं तर. माझ्या आधीचे पटवारी म्हणायचे,
तिला कापडातही एका जागी बसवत नाही.

तुझ्या टॅबलेटवर गावं निळ्या रेषांत येतील,
बोट लावलं की मोठी होतील.
इथे बोट लावलंस तर हळदीचा डाग:
ढोलणवालच्या बलबीरोने
भर मोजणीत कढी वाढली होती,
आणि बांधाचं भांडण तेवढ्यापुरतं
मांडी घालून जेवायला बसलं होतं.

आपल्या या पट्ट्याला बेट म्हणतात.
पाण्याने वेढलेलं नव्हे. पाण्याने सोडलेलं.
वर डोंगराच्या पायथ्याचे कंडीवाले
पाणी मोजून पितात,
आपण जमीन मोजून जगतो.
सकाळी उठून बघायचं, आहे का.

पाखर सिंगची अकरा एकर दरिया-बुर्द आहे.
म्हणजे नदीने खाल्ली. मालकाचं नाव मात्र खोडायचं नाही.
दर माघात तो सायकलवर येईल,
काठावर उभा राहून विचारेल,
‘पटवारीजी, माझी कुठवर आली?’
पलीकडे बोट दाखव. कुठेही दाखव.
तो मान डोलावतो आणि
गुळाची ढेप ठेवून जातो.
घे. ती लाच नाही.

कोट मेहरूत चाळीस घरं, चुली सात.
छपरावर सिमेंटचं विमान, दाराला कुलूप,
कुलपाची किल्ली रुलदू मसीहकडे.
तोच सगळ्या अंगणांत झाडू मारतो,
रोज संध्याकाळी घरोघर फिरून
एकेक बटण दाबतो
आणि मग आपल्या एका खोलीत
कंदिलावर जेवतो, कारण बिल भरलेलं नसतं.
आपल्या रजिस्टरात ते गाव आबाद आहे.

आता हे बघ. दोनशे सतरा. ठट्ठा नूरां.
नाव आहे, नंबर आहे, शिवेचे दगड तीन आहेत
(चौथा ढोलणवालच्या गुरुद्वाऱ्यात पायपुसण्याखाली,
विचारू नकोस).
माणूस नाही. घर नाही. सत्तेचाळीसपासून नाही.
यापुढे लिहायचं: बेचिराग.
दिवा नसलेलं, एवढंच.
राख-बिख काही नाही त्यात; ती लोकांनी नंतर
आपल्या मनाने शब्दात टाकली.

मी चौतीस वर्षं लिहिलं. दर हंगामाला.
गहू, गहू, बरसीम, गहू, बेचिराग.

मागच्या पोहात रात्री मोटरसायकल बंद पडली
तिथेच, सफेद्याच्या रांगेजवळ.
धुकं असं की आपलाच हात दुसऱ्याचा वाटावा.
दोन वाजता वीज आली,
आणि कोणी नसताना
बंबीची मोटर आपोआप धडधडली,
कोठडीवरचा पिवळा बल्ब लागला,
पाणी धो धो गव्हात.

मी जवळ गेलो. हाक मारली.
खोटं कशाला सांगू, नूरां म्हणूनच मारली.
कोण होती, कोणाची होती,
माझ्या कुठल्या बस्त्यात नाही.
बल्बाखाली एक कुत्री
चार पिलांना पाजत होती. तिने माझ्याकडे
असं पाहिलं, जसं मालक पाहतो
मोजणीला आलेल्या माणसाकडे.

सकाळी तहसीलदारांना विचारलं,
हा दिवा धरायचा का?
ते हसले. चहा मागवला.
मी त्या रकान्यात काही लिहिलं नाही.
तो तसाच कोरा आहे, पान एकशे नऊ.
हंगाम संपायला अजून बारा दिवस आहेत.

सही इथे कर. आणि इथे.
जरीब दाराआड टांगली आहे.
तिच्या दोन कड्या कधीच्याच तुटल्यात,
नऊ गावांना ठाऊक आहे, कोणी बोलत नाही.