वाटीच्या वरच्या खोलीपासून

असाहिकावा. खिडकीबाहेर बर्फ उपसणारं यंत्र
पहाटेपासून एकच ओळ गिरवतंय.
टेबलावर ओत्सुबो कांजी, वय एकाहत्तर.
पन्नास वर्षं तातामी चटया शिवल्या,
म्हणजे पन्नास वर्षं उजवा गुडघा जमिनीला.
कंबरेखाली भूल. वर सगळा जागा.

एमआरआय म्हणतो, आतल्या बाजूची गादी फाटलीय.
मी गुडघ्याला बाशिंग बांधून तयार:
थेट तिथंच जाऊ, हुक लावून पाहू.
"वरून," डॉक्टर कुवाबारा म्हणतात,
आणि दोन बोटांनी माझं मनगट वळवतात.

अर्ध्या नखाएवढी चीर, पाय सरळ,
मिठाचं पाणी चढतं
आणि पडद्यावर उजाडतं:
वाटीच्या वरची खोली, गुलाबी,
भिंतींना शेवाळासारख्या झिरमिळ्या.
दुर्बीण सरळ बघतच नाही, तीस अंश तिरकी.
दांडा फिरवला की
भिंतीमागची भिंत समोर.

"हे माझं?" ओत्सुबो विचारतात.
"तुमचंच."
"बरंच पांढरं आहे."

मग वाटीची पाठ, खरवडलेली.
"लिही. यामुळे दुखत नसेल, तरी लिही."
मग बाहेरची पन्हळ, आणि तिच्या तळाशी
कंडरा बोगद्यात शिरते तिथं
काहीतरी डोकावतं, पाण्यासरशी लपतं.
"पाणी बंद. सुई."
दुसरी चीर, चिमटा,
आणि गाजावर साबुदाण्याएवढी कूर्चा,
एमआरआयला न दिसलेली.

मला वाटतं, झालं.
"सापडलं म्हणजे संपलं नव्हे," बाई म्हणतात.

आतली पन्हळ. रिकामी.
गुडघा वाकवून, पोटरी बाहेर ढकलून
आतला कप्पा: ती बदनाम गादी.
हुकाने उचलतो, दाबतो, खालून चाचपतो.
कड थोडी विसविशीत. फाटलेली नाही.
मधल्या खाचेत दोरखंड, ताणून पाहिला, ताठ.
मग पाय चाराच्या आकड्यात घडी करून
बाहेरचा कप्पा.

"चटई कोपऱ्यापासूनच घालायची," ओत्सुबो छताला सांगतात.
"मधूनच सुरू केलं
तर शेवटी बोटभर फट उरते,
आणि ती नेमकी पाहुण्यांना दिसते."
नर्स हसते. मी हसत नाही, हात हलेल.

"पुन्हा बसता येईल ना, गुडघ्यावर?"

बाई उत्तर देत नाहीत.
मागचा कप्पा अजून बघायचा आहे.