तिसऱ्या दशांशापर्यंत

मामाचं पहिलं पार्सल आलं ते वर्तमानपत्रात गुंडाळून.
आयडर बदकाच्या काळजाला छापील शाई चिकटलेली.
तो नमुना मी फेकून दिला.
फोनवर ओरडले : कागद नको, नवी पिशवी, हात धुऊन.
तो म्हणाला, हात समुद्रातच असतात माझे.

मग सगळं रीतसर आलं :
कड्यावरचं दगडफूल, शिंपल्यांतलं मांस,
दोन बदकं,
आणि पिपालुकच्या केसांची बट, लाल दोऱ्यानं बांधलेली.
सोबत चिठ्ठी. इनूतेक मामाचं अक्षर म्हणजे
बर्फावरून कोल्हा गेलेला.
'खाणीचं नाव लिहून दे. शिक्क्यासकट.'

खाण बंद होऊन बत्तीस वर्षं झाली.
फ्योर्डच्या काठाला तिचा चुरा अजून भुरभुरतो.
पोरगी शाळेत अक्षरं उलटी वाचते,
रक्तात शिसं निघालं,
आणि पाणी कुठं मुरतंय हे गावात सगळ्यांना ठाऊक.

नूकमधल्या या खोलीत मी अंगठी काढून शिरते.
चिमटासुद्धा प्लास्टिकचा.
बट आम्लात सोडली की आधी पिवळी वाफ,
मग सकाळपर्यंत काहीच उरत नाही,
ना केस, ना काळेपणा, ना पोरीच्या डोक्याचा वास.
पाण्यासारखं पाणी.

यंत्र एकेक करून मोजतं :
दोनशेसहा, दोनशेसात, दोनशेआठ.
सख्खी भावंडं, नाव एकच, वजनं वेगळी.
कोण किती, ते खडकाला ठाऊक.
वितळवा, ओता, रंगात कालवा, रक्तात कालवा,
प्रमाण हलत नाही.

दगडफूल : खाण.
शिंपले : खाण.
मी चहा ठेवला. शिक्का काढून ठेवला.
बदकं : नाही.
पिपालुक : नाही.

पुन्हा धुतलं, पुन्हा मोजलं,
कोरं पाणी मोजलं, स्वतःच्या हातांवर संशय घेतला.
शेवटी मामाचा जुना कोट आठवला, माझ्याकडेच राहिलेला.
खिशात एक काडतूस होतं. फोडलं.
छर्रे ताटलीत मोहरीसारखे घरंगळले.
तिसऱ्या दशांशापर्यंत तेच.

फोन लावला.
आधी कुत्री, मग त्याचा श्वास.
सांगितलं.
'म्हणजे खाण सुटली?'
'नाही मामा. दगडफुलात ती आहे.'
'आणि पोरीत मी.'
मी म्हणाले, काडतुसं.
तो म्हणाला, तेच.

अहवालात दोन्ही लिहिलं, वेगवेगळ्या रकान्यांत.
खाणवाल्यांच्या वकिलाला दुसरा रकाना फार आवडला.

परवा पार्सल आलं. नवी पिशवी,
आत अर्धंच बदक, मानेला जाळ्याचा वळ.
चिठ्ठीत खाण नाही, शिक्का नाही.
'उरलेलं अर्धं पोरीच्या ताटात जायचंय.
थांबलोय.
मोज.'