दोन डोळ्यांचं मडकं

दिवाळी सरली की भरमा अंबी यायचा,
भट्टीपाशी उकिडवा बसून बाबांना सांगायचा:
सात मडकी. सहा आंधळी, एक डोळस.

डोळे पाडायचं काम माझं.
मडकं चाकावरून उतरून एक रात्र झालेली,
माती चामड्यासारखी,
तर्जनी पाण्यात बुडवायची, आणि दोनदा.
मी सात वर्षांची. माझ्या बोटाएवढेच डोळे लागायचे त्याला.

सहा आंधळी तो हिडकलच्या पाण्यावर सोडायचा,
गळ्यात सुतळी, सुतळीला धोंडा.
पहिले दोन दिवस बदकं लांब.
तिसऱ्या दिवशी एखादा चांदवा येऊन टोचून बघे.
आठव्या दिवशी थापट्या, हळदी-कुंकू, तलवार
मडक्यांच्या मधून हिंडत,
यमकनमर्डीच्या बाजारात बायका हिंडाव्या तशी,
काही न घेता.

मग पहाटे सातवं निघे, भरमाच्या डोक्यावर.
चालायचं नाही, म्हणायचा, वाहायचं.
पायाखाली धरणात गेलेलं गाव:
हा रुद्रगौडाचा उंबरा, ही चावडी,
इथं चिंचेचं खोड, जपून.
वरच्या गावात वाट चुकणारा माणूस,
खालचं गाव त्याला तळव्यांनी पाठ.
हात पाण्याखालून जाई, पाय धरी, खाली ओढी.
एक कमी होई.
बाकीची शेवाळ खात राहत.

काठावर तो मराठी बोलायचा, पाण्यात कानडी, ती पण पुटपुटत.
"मराठीत बोललं की हक्की उडतंय गा," म्हणायचा,
आणि आपणच हसायचा.

एका साली तक्रार घेऊन आला:
"पोरीचं बोट वाढलंय. डोळे मोठे झालेत.
काल एक तलवार सरळ माझ्याकडं बघत होतं."
त्या वर्षापासून मी करंगळी वापरू लागले.

आणि मी सातवीत असताना
तो जिवंत बदक काखेत धरून आला, ओलाच,
पायातून पाणी गळतंय.
"पाय धरला तर हाताला वाळा लागला.
तू शाळेत जातीस की, वाच बघू."
शाळा कानडी, घर मराठी, दोन्ही येत होतं मला.
वाळ्यावरचे आकडे वाचले.
अक्षरं दोन्हींतली नव्हती.
बदकाचं काळीज माझ्या मनगटावर धडधडत होतं, फार वेगानं.

"कुणाचं तरी आहे हे," भरमा म्हणाला.
"नाव घालून सोडलंय. वाट बघत असतील."
आणि पाण्याच्या दिशेनं गेला.

रात्री त्याच्या घराकडून मसाल्याचा वास आला.
"दुसरं असंल," बाबा म्हणाले.
मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.
पुढच्या साली पाचच मडकी मागितली,
त्याच्या पुढच्या साली आलाच नाही.

तो गेला तेव्हा मडकं आमच्याकडनंच गेलं. आंधळं.

आता जानेवारीत बेळगावहून पोरं येतात
दुर्बिणी लावून मोजायला.
दोन गोल डोळे, माझ्या कुठल्याही बोटापेक्षा मोठे,
आणि बदकं उडत नाहीत.
चहा मागतात, आकडा लिहून घेतात.
काल तीनशे बारा म्हणाले.

तीनशे अकरा असतील, मला वाटून गेलं, कशावरून कोण जाणे.

अजून ओल्या मडक्यापाशी बसले
की तर्जनी आपोआप पाण्यात जाते.
पदराला पुसते.