सोपी वाट

साळवण मागं पडलं की डाव्या हाताला काळी भिंत दिसते.
नकाशात तिला नाव नाही. जानू येडगे म्हणतो, शिंगट्या.
तिच्या मधोमध एक भेग,
खाली मूठ बसेल एवढी, वर ढोपर बसेल एवढी.
दोनशे फूट.
जन्मात फक्त चिंचेवर चढलेल्या माणसालाही जमेल.

मेख ठोकायची नाही, एवढाच आमचा नेम.
शिरोलीत पाळी सुटल्यावर मी लेथवर कातलेले षटकोन
भेगेत अडकवायचे, झटका देऊन बघायचे, दोर ओवायचा,
शेवटच्या गड्यानं सगळे काढून आणायचे.
कुणी येऊन गेलं हे कातळाला कळू नये,
असं आम्ही समजत होतो.

फेब्रुवारीतला रविवार. आघाडीला मुल्लाणींची शमा,
बी.कॉम.चं दुसरं वर्ष, दोराच्या वरच्या टोकाला पहिल्यांदाच.
खाली मी, कमरेला दोर, मान मोडेस्तोवर वर.
चार षटकोन लावले तिनं. चांगले लावले.
पाचव्याला हात थांबला.

कॅक् कॅक् कॅक् कॅक्
पत्र्यावर कानस ओढावी तसं,
आणि तिच्या डोक्यावरून एक काळसर रेघ
अशी गेली, की
पोटाचा विटकरी रंग मला नंतर आठवला.

‘काय झालं?’ मी ओरडलो.
ती ओरडली नाही.
दोर दोनदा हलला.

सोपी वाट उतरताना सोपी राहत नाही.
चढताना डोळे हातांच्या पुढं असतात,
उतरताना पाय आंधळे, चाचपत येतात
मघाशी सहज सोडून दिलेली प्रत्येक खाच.
चौथा षटकोन निघेना.
ठोकला असता तर निघाला असता.
तिनं ठोकला नाही.

पाऊण तास लागला.
खाली टेकल्यावर बूट न सोडता म्हणाली,
‘तीन आहेत. भाजलेल्या विटेच्या रंगाची.
हात लांब केला असता तर.’
पुढं बोलली नाही. पाणी मागितलं.

जानू शेरडांमागनं आला, सगळं बघून होता.
‘तिचं दरसालचं घर हाय त्ये.
तुमी दिवाळी झाली की येताय. तुमी गेलासा की ती येती.
औंदा तुमीच उशीर केलासा.’
आणि बोकडाला शिवी घालत निघून गेला.

अकरा वर्षं.
अकरा वर्षं त्या भेगेला मी आमची म्हणत होतो.

सोमवारी लेथवर नवा सात नंबर लावला.
जुना तिथंच आहे, तिच्या शेजारी, माझ्या हातानं कोरलेल्या आकड्यासकट.
हत्यार बोथट होतं बहुतेक. धातूला लागलं
आणि किंचाळलं, चारदा.
मी मशीन बंद केलं.
‘काय झालं?’ पलीकडून पोऱ्या ओरडला.
हलवायला दोर नव्हता.