बैठक

मुहर्रकच्या गल्लीत, मक्कीच्या दुकानी,
ऑगस्टात मेणबत्त्या उभ्याच राहत नाहीत.
दुपारपर्यंत माना टाकतात,
संध्याकाळी एकमेकींना चिकटून
अख्ख्या पाकिटाची एक वीट होते.
असल्या गावात मी मेणबत्तीचे जुने दिवे जमवतो.
लोक हसतात. हसू देत.

माझ्याकडे एक घुमट आहे. नुसता घुमट.
डाळिंबी काच, आतून पांढरं अस्तर,
वर धूर जायला बोटभर भोक.
मनामाच्या लिलावात तुटक्या पंख्याबरोबर फुकट आला.
अण्णा ओगलेवाडीला काच फुंकायचे.
म्हणायचे, काठावरून करंगळी फिरव,
जिथं अडेल तिथं माणूस असतो.
इथं अडली.

विलायतेत म्हणे आजारी पोरांच्या उशाशी ठेवायचे हे दिवे.
आखूड, जाड मेणबत्ती, रात्रभर पुरणारी;
पोर भिऊ नये इतपतच उजेड.
मुंबईहून इथं आले ते भुशाच्या पेट्यांतून,
मोती विकून परतणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर.
मग मोत्यांचा भाव पडला,
घरं वाटली गेली, दिवेही.
घुमट एका भावाकडे, बैठक दुसऱ्याकडे.

बैठक मला मक्कीकडे दिसली.
गल्ल्याशेजारी, वेलदोडे भरलेली,
पिवळट हिरवी, कडेला चुण्यांची झालर.
मी एक्स्चेंजच्या खिडकीत नोटा तपासतो,
खिशात जांभळा टॉर्च असतोच.
मारला.
वेलदोड्यांखालून काच अशी हिरवी पेटली
की मक्की दोन पावलं मागं सरला.
"खोटी आहे?"
"खरी आहे. चमकते मात्र खोट्या नोटेसारखी."

पन्नास दिनार म्हणालो, मीच.
(पन्नास म्हणजे माझं खोलीभाडं.)
त्यानं मान हलवली.
त्याची आई तिच्यात दात ठेवायची,
शेवटची सात वर्षं, रोज रात्री.
आईच्या दातांचं घर कोण विकतं?

तेव्हापासून शुक्रवारी, असरची नमाज झाली की
मी घुमट नेतो, पंचात गुंडाळून.
वेलदोडे वाटीत निघतात.
घुमट बसतो. टक्.
रंग जुळत नाही, घेर जुळतो.
फ्रीजमधून मेणबत्ती बाहेर येते, घाम फुटलेली,
आणि दोन चहा होईस्तोवर जळते.
तो म्हणतो फानूस, मी म्हणतो फाणस;
एवढं सोडलं तर त्याचं हिंदी मोडकं, माझं अरबी पावतीपुरतं.
तरी होतंच बोलणं: त्याची सून, माझी साखर,
समोरच्या टॉवरची काच, जिच्यात कुठंच करंगळी अडत नाही.
कुणी गिऱ्हाईक वाकून बघू लागलं
की मक्की बोट दाखवून सांगतो,
"वरचं याचं, खालचं माझं. विकायचं नाही."

मार्चमध्ये माझा करार संपतो.
घुमट न्यायचा की ठेवायचा,
आम्ही दोघंही तो विषय काढत नाही.
गेल्या शुक्रवारी मेणबत्ती विझली,
मी पंचा उलगडला, हात पुढे केला,
तर तो एवढंच म्हणाला,
काच अजून गरम आहे,
थांब थोडा.